चारित्र्यशिक्षणात अर्धवेळ, दूरशिक्षणाने एम.ए. : नोकरी सांभाळून जमतं का? आणि वर्गात काही उपयोग?

इयत्ता_नववी

नमस्कार. चौदा वर्षं माध्यमिकला विज्ञान शिकवतेय, त्यातली सहा वर्षं वर्गशिक्षिका. आता एम.ए. करावं असं डोक्यात घोळतंय, पण विज्ञानात नाही, चारित्र्यशिक्षणात. तीन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम, सगळा दूरशिक्षणाने. घरी सांगितलं तर पहिलाच प्रश्न आला, "म्हणजे शिकणार काय? खरं बोलावं, एवढंच ना?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

कारण सांगते. मागच्या सत्रात चाचणी चालू असताना एका मुलीच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. बोटाएवढा कागद, त्यावर बारीक अक्षरात सगळी सूत्रं. मी तिला उभं केलं. ती "माझी नाही, बाई" म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी पहिला तास सुरू व्हायच्या आधी मागच्या बाकावरचा एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "चिठ्ठी माझी होती. मी पायाने पुढे सरकवली."

नियमाप्रमाणे त्याला शून्य. पण शून्य दिलं तर वर्गाने काय शिकायचं? गप्प बसला असता तर सुटला असता, हेच ना? आणि नाही दिलं तर काहीही करा, नंतर कबूल करा, की झालं! मी जे करायचं ते केलं, पण ते का केलं हे मला आजही धड मांडता येत नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी प्रामाणिकपणाच्या गोष्टी सांगते, मुलं माना डोलावतात. हा मुलगाही डोलवायचा.

तर विचारायचंय ते असं. आठवड्याला खरोखर किती तास जातात? तत्त्वज्ञानाचं पुस्तक मी आयुष्यात उघडलेलं नाही, ते आडवं येईल का? आणि तीन वर्षांनी त्या मुलासमोर मी आजच्यापेक्षा वेगळी उभी राहीन का, की नावापुढे दोन अक्षरं वाढतील फक्त? कुणी केलं असेल तर खरं काय ते सांगा. माहितीपत्रक पाठ झालंय.

शंकेखोर

मॅडम, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चारित्र्य घरात घडतं, मोठ्यांकडे बघून घडतं. त्याचे श्रेयांक आणि प्रबंध कसले? तीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. या काळात मूल्यांच्या नावाखाली चार वेळा नवी पुस्तिका आली. प्रत्येक वेळी भिंतीवरचे तक्ते बदलले, मुलं तीच राहिली. उलट ज्या सरांना आम्ही मानायचो त्यांनी मूल्य हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

त्या मुलाला तुम्ही जे केलं असेल ते बरोबरच केलं असेल. चौदा वर्षांचा अनुभव काही थोडा नाही.

खडूफळा

ताई, मी हे केलंय. साडेतीन वर्षं लागली (मधे एक सत्र सुटी घेतली, ते पुढे सांगतो). भाषेचा शिक्षक आहे, वर्गशिक्षक आहे, आणि पहिल्या वर्षी दोनदा सोडायला निघालो होतो.

आधी शंकेखोर सरांना. सर, तुमचा मुद्दा अभ्यासक्रमाच्या विरोधात नाही, तो अभ्यासक्रमातच आहे. अमेरिकेत शाळांमधल्या सात वेगवेगळ्या चारित्र्य-कार्यक्रमांची मोठी सरकारी पाहणी झाली, तिचा अहवाल २०१० साली आला. तिसरी ते पाचवीची मुलं, कार्यक्रम असलेल्या शाळा आणि नसलेल्या शाळा अशी तुलना. एकुणात सांगण्याजोगा फरक दिसलाच नाही. हा अहवाल आम्हाला वाचायला लावला होता, लपवला नव्हता. मला तर त्यामुळेच विश्वास वाटला, की इथे कुणी आपल्याला तक्ते विकत नाहीये.

आता ताई, तुमच्या घरच्यांचा प्रश्न. "खरं बोलावं" हे शिकवत नाहीत. खरं बोलणारं मूल अशी काही चीज असते का, इथून सुरुवात होते. १९२८ ते १९३० या काळात हार्टशोर्न आणि मे या दोन अमेरिकी संशोधकांचा अभ्यास तीन खंडांत प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून जास्त मुलं. परीक्षेत, खेळात, घरच्या अभ्यासात त्यांना फसवायची संधी दिली आणि कोण काय करतं ते बघितलं. निघालं काय, तर चाचणीत फसवणारं मूल खेळात सरळ वागतं आणि खेळात चिडी खाणारं चाचणीत. प्रामाणिक मुलं एका बाजूला, लबाड दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी काही होईना. पुढे इतरांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा एक बारीकसा समान धागा मिळाला, पण बारीकसाच. मी हे रात्री वाचलं आणि सकाळी प्रगतिपुस्तकात "प्रामाणिक व कष्टाळू" असं लिहायला बसलो. पेन चालेना. अर्धवेळ करण्याचा खरा फायदा हाच. रात्री वाचलेलं सकाळी आठ वाजता समोर येऊन उभं राहतं. पूर्णवेळ करणाऱ्याला ते मिळत नाही.

मग कोलबर्ग, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. औषध विकत घ्यायला पैसे नाहीत, बायको मरणाच्या दारात, तर नवऱ्याने चोरी करावी का? १९५८ च्या प्रबंधापासून त्याने अशा पेचांवर मुलांची उत्तरं जमवली आणि नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या मांडल्या. मी उत्साहाने हा पेच वर्गात घेतला. काय तास झाला! एक मुलगी अशी बोलली की मी खडू खाली ठेवून ऐकत राहिलो. कायदा माणसासाठी, की माणूस कायद्यासाठी, इथपर्यंत स्वतःची स्वतः पोहोचली. मनात म्हटलं, ही पाचव्या पायरीवर आहे. त्याच आठवड्यात तिची निबंधवही तपासायला घेतली तर निबंध शब्दन् शब्द मैत्रिणीचा. उतरवताना मैत्रिणीच्या आजीचं नावसुद्धा बदललं नव्हतं.

माझी पहिली प्रतिक्रिया राग. दुसरी, थोडी उशिरा आलेली, अशी की कोलबर्गवर जी टीका पुढे झाली ती ही पोरगी न वाचता शिकवून गेली. विचार करता येणं आणि तसं वागणं यात मोठं अंतर आहे. आपण मात्र मूल्यशिक्षणाच्या तासाला चांगलं बोलणाऱ्या मुलाला शाबासकी देतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आपणच ते पाषाण घडवत असतो. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, त्या दिवशी चार वह्या पूर्ण करायच्या होत्या." हे वाक्य लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

दुसऱ्या सत्रात एक प्रयोग आला. १९७३, डार्ली आणि बॅटसन हे दोन मानसशास्त्रज्ञ. धर्मशास्त्राचे चाळीस विद्यार्थी, पुढे धर्मगुरू होणारे. त्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली कथा. वाटेत एक माणूस दारापाशी खोकत, कण्हत बसवलेला. कोण थांबलं? ज्यांना "भरपूर वेळ आहे" सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के. ज्यांना "उशीर झालाय, पळा" सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषण कशावर होतं याने फारसा फरक पडला नाही, घाई होती की नव्हती याने पडला.

हे वाचून दोन-तीन दिवस झाले असतील. घंटा झाली, मला तिसऱ्या मजल्यावर जायचं, हातात वह्यांचा गठ्ठा. जिन्यात सातवीतला एक मुलगा वाट अडवून उभा. "सर, एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "नंतर." आणि चार पायऱ्या चढल्यावर पाय थांबले. मागे वळलो तर तो गेलेला. मधल्या सुटीत शोधून काढला, तर म्हणाला, "काही नाही सर." त्याला काय सांगायचं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या संध्याकाळी मी एका दिवसात "नंतर" किती वेळा म्हणतो ते आठवून मोजायला बसलो. अकरा. तेवढे आठवले, तेवढे.

माझ्या दृष्टीने पदवी मिळाली ती या जिन्यात. शाळेत बदल काय केला म्हणाल तर हास्यास्पद छोटा. घंटेनंतरची तीन मिनिटं वर्गात बसून राहतो, मुद्दाम, वह्या आवरत असल्यासारखा. ज्याला बोलायचं असतं तो येतो.

आता हिशोब. ब्रिटिश पद्धतीची पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची, आणि एका श्रेयांकामागे दहा तास धरतात. म्हणजे १८०० तास. तीन वर्षांत वर्षाला ६००, आठवड्याला बारा. हे कागदावर. प्रत्यक्षात सहा आठवडे पाच-पाच तास आणि मग निबंधाच्या आधी दोन आठवडे झोपेचं खोबरं. बहुतेक ठिकाणी ६० श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र आणि १२० नंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. अर्ज करण्यापूर्वी ही सोय आहे का ते लेखी विचारून घ्या. सत्र तात्पुरतं थांबवता येतं का, तेही. आमच्या घरी आजारपण आलं तेव्हा मला ते लागलं, आणि ती सोय आहे हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

दूरशिक्षणाचं दुखणं एकच, एकटेपणा. पडद्यावर बारा चौकोन, त्यातले नऊ काळे. माझ्या एका निबंधावरचा अभिप्राय सात आठवड्यांनी आला, तोवर पुढचा निबंध त्याच चुकांसकट देऊन झाला होता. पण पहिल्या निबंधाची परत आलेली प्रत अजून जपून ठेवलीय. समासात सहा ठिकाणी एकच प्रश्न : हे तुम्हाला कसं कळलं? मी लिहिलं होतं, गोष्टी ऐकून मुलांवर संस्कार होतात. कसं कळलं? शिस्तीच्या शाळेतली मुलं पुढे सचोटीने वागतात. कसं कळलं? अठरा वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

दुसरं_वर्ष

मी सध्या यातून जातेय, म्हणून थोडी भर. खडूफळा दादांशी एका बाबतीत सहमत नाही. ते प्रयोगांमध्ये रमलेत, मला मात्र तत्त्वज्ञानच जास्त कामाला आलं, आणि मीही तुमच्यासारखीच कोरी होते, ताई.

या विषयात पदव्युत्तर अभ्यासक्रम मुळात मोजके. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात २०१२ मध्ये ज्युबिली सेंटर हे चारित्र्यशिक्षणाचं संशोधन केंद्र सुरू झालं, त्यांच्या मांडणीवर ॲरिस्टॉटलची दाट छाप आहे. सद्गुणांचे चार गट करतात : बौद्धिक, नैतिक, नागरी, आणि चिकाटीसारखे कामाला बळ देणारे. या सगळ्यांच्या वर एक ठेवतात, फ्रोनेसिस. चिकाटी तर चोराकडेही असते, म्हणून कुठे काय, किती आणि कधी हे ठरवणारं काहीतरी लागतंच. इंग्रजीत त्यासाठी दोन-दोन शब्द जोडावे लागतात. मी निबंध लिहिताना अडून बसले होते आणि एकदम लक्षात आलं, अहो, आपल्याकडे शब्द आहे की : तारतम्य! सद्गुण असून तारतम्य नाही अशी माणसं आपण रोज बघतो. तुमचा चिठ्ठीचा पेच नेमका तोच आहे. दोन चांगल्या गोष्टी समोरासमोर आल्या, नियम सगळ्यांना सारखा आणि कबुलीची किंमत.

वाचायचं कसं, तर ॲरिस्टॉटलचं 'निकोमाखियन एथिक्स' पहिल्या पानापासून धरू नका, दुसऱ्या भागापासून धरा. घर बांधून माणूस गवंडी होतो तसा न्यायाने वागून न्यायी होतो, हे तिथे आहे. विज्ञानवाल्यांना ते सोपं जातं, प्रात्यक्षिकाशिवाय विषय येत नाही असंच तो सांगतोय.

एक सावधगिरीची सूचना. पहिल्या सत्रानंतर माणूस असह्य होतो. मी घरी प्रत्येक भांडणात "यात तुझा हेतू काय होता" असं विचारायला लागले होते. मुलीने शेवटी दाराला पाटी लावली, "इथे सद्गुणांची चर्चा होत नाही."

शंकेखोर

पाटी आवडली.

जिन्यातला प्रसंगही वाचला, दोनदा. सात कार्यक्रमांचं माहीत नव्हतं. पण मग फरक पडत नसेल तर प्रबंध कशावर लिहिता?

खडूफळा

सर, चांगल्या जागी बोट ठेवलंत. मलाही प्रबंधात हेच नडलं.

माझी कल्पना अशी होती की मुलांना प्रश्नावली द्यायची, सहा महिने काहीतरी करायचं, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची. मार्गदर्शकांनी २०१६ चा एक अभ्यास पुढे ठेवला. बॉस्टनमधल्या काही कडक शाळांत मुलांचे गुण वाढले, हजेरी सुधारली, आणि त्याच मुलांनी चिकाटीच्या प्रश्नावलीत स्वतःला कमी गुण दिले. का? संशोधकांचा अंदाज असा, की आजूबाजूला सगळेच झटणारे, त्यामुळे मोजपट्टीच लांबते. म्हणजे माझा प्रयोग यशस्वी झाला असता तरी आकडे घसरू शकले असते!

त्यात पुन्हा नीतिसमितीची परवानगी. स्वतःच्याच वर्गावर संशोधन म्हटलं की त्यांचे डोळे बारीक होतात, आणि ते बरोबर आहे. ज्याच्या हातात गुण आहेत त्याने "भाग घ्यायचा का?" विचारलं तर मूल "नाही" कसं म्हणणार? पालकांची लेखी संमती, मुलाची वेगळी संमती, कधीही बाहेर पडायची मुभा, आणि अर्ज गोळा करायला दुसरा शिक्षक. तीन वेळा अर्ज परत आला. तिसऱ्यांदा चिडलो होतो. आता वाटतं, चारित्र्यशिक्षणाची प्रात्यक्षिक परीक्षा तीच होती.

शेवटी प्रश्नावली गुंडाळली. मुलांशी बोलण्यावर लिहिलं : नऊ मुलं, एकच प्रश्न, "शाळेत खरं बोलणं कधी महाग पडतं?" प्रबंध छोटा झाला. गुणही बेताचेच.

इयत्ता_नववी

सगळ्यांचे आभार. "नंतर" मी आज मोजले. चौथ्या तासापर्यंत सात, मग मोजायचं सोडलं.

बारा तास काढता येतील, रविवारचा बळी देऊन. आता अडलंय अर्जापाशी. "हा अभ्यासक्रम का करायचा आहे" यावर पाचशे शब्द मागितलेत. मी जे लिहिलंय ते वाचून मलाच जांभई आली : उद्याचे सुजाण नागरिक, बदलता काळ, शिक्षकाची भूमिका वगैरे. काय लिहू?

खडूफळा

चिठ्ठीचा प्रसंग लिहा. तेवढाच. नागरिक आणि काळ दोघांनाही सुटी द्या.

पण ताई, एक राहिलंय. तुम्ही "जे करायचं ते केलं" म्हणालात. काय केलंत?

इयत्ता_नववी

मुद्दामच लिहिलं नव्हतं.

त्याला शून्य दिलं. मग बसवून सांगितलं की शून्य चिठ्ठीचं आहे, तू येऊन सांगितलंस त्याचं नाही, आणि ती गोष्ट मी विसरणार नाही. पुढच्या चाचणीआधी दोन संध्याकाळी त्याला सूत्रं समजावली. ते ठीकच झालं असावं, तो अजून येऊन बोलतो.

मुलीचं मात्र वेगळं. तिला मी चाळीस मुलांसमोर उभं केलं होतं. "निदान खोटं तरी बोलू नकोस" असं म्हटलं होतं, शब्दशः. खरं कळल्यावर तिला प्रयोगशाळेत एकटीला बोलावलं आणि माफी मागितली. ती "असू दे बाई" म्हणाली. ओरडले वर्गासमोर आणि माफी मागितली दार लावून. तुमची उत्तरं वाचेपर्यंत मला वाटत होतं की या प्रसंगात पेच त्या मुलाचा आहे.

दुसरं_वर्ष

ताई, हा शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा अर्जात टाका.

शंकेखोर

आणि तो टाकण्याआधी, मॅडम, उद्याचा पहिला तास कुठल्या वर्गावर आहे?

इयत्ता_नववी

त्याच.